चुंबकाचा कोट आणि सूर्याचा अग्नी

(चाकण परिसरातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चाकणच्या संग्रामदुर्गाची कथा येथील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. १६६० साली शाएस्तेखानाच्या अफाट फौजेने या लहानशा भुईकोटास वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर शिबंदीच्या बळावर तो जवळजवळ दोन महिने झुंजविला. समोरून हल्ले करून कोट पडेना, तेव्हा मोगलांनी भुयार खणले, त्यात दारू ठासली आणि बुरूज उडवून दिला. इतके दिवस भक्कम राहिलेल्या तटाला एक खिंडार पडले आणि लढाईचे पारडे फिरले.

आजच्या व्याख्यानाचा विषय वरकरणी फार दूरचा वाटेल. परंतु तोही एका कोटाचाच आहे. संग्रामदुर्गाचा तट बाहेरच्या शत्रूस अडविण्यासाठी होता. येथे तट उभारावयाचा आहे तो आत पेटविलेल्या अग्नीस कोंडून धरण्यासाठी. हा अग्नी सूर्याच्या गाभ्यातील अग्नीच्या जातीचा आहे. दगड, विटा, पोलाद यांपैकी कोणत्याही पदार्थाची भिंत त्यापुढे टिकत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्याभोवती चुंबकीय बलाचा अदृश्य कोट उभारला आहे. तो अभंग राखण्यासाठी जगभर पाऊणशे वर्षे प्रयोग चालू आहेत आणि त्यांत भारताचाही वाटा आहे.

ऊर्जेची निकड

एके काळी चाकणचे नाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी घेतले जाई. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी, पुढे चाकण असा उद्योगांचा पट्टा वाढत गेला. आज येथे मोटारी, दुचाकी आणि त्यांचे असंख्य सुटे भाग तयार होतात. या सर्वांच्या मुळाशी वीज आहे. भट्टी असो, यंत्रमाग असो वा शेतावरील पंप असो, वीज खंडित झाली की काम थांबते. ही वीज आजही बव्हंशी कोळसा जाळूनच मिळते. कोळशाचा साठा कधी तरी संपणार आहे. आणि तो संपण्यापूर्वीच त्याचा धूर हवामानावर दुष्परिणाम करीत आहे.

अणुशक्ती महाराष्ट्रास अपरिचित नाही. भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ साली तारापूर येथेच सुरू झाले. तेथे युरेनियमसारख्या जड अणुकेंद्राचे विभाजन होऊन ऊर्जा मिळते. आज ज्या मार्गाचा विचार करावयाचा आहे तो याच्या नेमका उलट आहे. त्यात हलकी अणुकेंद्रे एकत्र येऊन त्यांपासून जड अणुकेंद्र बनते. यास संमीलन म्हणतात. सूर्य कोट्यवधी वर्षे तळपतो आहे तो याच क्रियेमुळे.

पृथ्वीवर ही क्रिया घडविण्यास सर्वांत सोयीची जोडी म्हणजे हायड्रोजनचे दोन जड भाऊबंद, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. त्यांचा संयोग झाला की हीलियमचे अणुकेंद्र व एक वेगवान न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि फार मोठी ऊर्जा मुक्त होते. ड्यूटेरियम पाण्यातच असते. एक हजार लिटर पाण्यात ते सुमारे ३३ ग्रॅम सापडते. रायगड जिल्ह्यातील थळ येथील जडपाणी प्रकल्पात गेली अनेक वर्षे हेच ड्यूटेरियम वेगळे केले जात आहे, अर्थात ते अणुभट्ट्यांच्या उपयोगासाठी. ट्रिटियम मात्र निसर्गात जवळजवळ नाहीच. त्याचे अर्धे आयुष्य सुमारे १२ वर्षांचे असल्याने ते साठवूनही टिकत नाही. लिथियमवर न्यूट्रॉनचा मारा करून ते निर्माण करावे लागते.

एक हजार मेगावॅटचे कोळशावरील वीज केंद्र वर्षाकाठी सुमारे २७ लाख टन कोळसा जाळते. तेवढ्याच शक्तीच्या संमीलन केंद्रास वर्षाला अंदाजे २५० किलो इंधन पुरेल, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. या एका तुलनेवरून जगातील मोठी राष्ट्रे या विषयाच्या मागे का लागली आहेत ते ध्यानात येईल.

दहा कोटी अंशांचा अग्नी

अडचण आरंभापासूनच आहे. दोन्ही अणुकेंद्रांवर धन विद्युत्भार असल्याने ती परस्परांस दूर लोटतात. त्यांनी हा विरोध मोडून एकत्र यावे यासाठी ती अतिशय वेगाने एकमेकांवर आदळावी लागतात. वेग म्हणजेच उष्णता. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमान असते. परंतु सूर्याजवळ प्रचंड गुरुत्वाकर्षणाचा दाब आहे. तो पृथ्वीवर उपलब्ध नसल्याने येथे दहा ते पंधरा कोटी अंश तापमान साधावे लागते.

एवढ्या उष्णतेत पदार्थ घन, द्रव वा वायू राहत नाही. अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युत्भारित कणांचा एक कल्लोळ उरतो. यालाच प्लाझ्मा म्हणतात. मराठीत त्यास ‘आयनद्रायू’ हा पारिभाषिक शब्द आहे. ही अवस्था आपल्या परिचयाची आहे. आकाशातील वीज, प्रकाशणाऱ्या ट्यूबलाइटमधील वायू, वेल्डिंगची डोळे दिपविणारी ठिणगी ही प्लाझ्माचीच रूपे होत. चाकणच्या कित्येक कार्यशाळांत पोलादाचे जाड पत्रे प्लाझ्माच्या झोताने कापले जातात. ज्या झोताने पोलाद लोण्यासारखे कापले जाते, त्याहून हजारो पटींनी तप्त प्लाझ्मा ठेवावयाचा कोणत्या भांड्यात, हा मूळ प्रश्न होय.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हा प्लाझ्मा भांड्यास स्पर्श करील तर भांडे वितळून अनर्थ होईल, एवढीच भीती नसते. प्लाझ्मा अत्यंत विरळ असतो. भिंतीस लागताच तोच थंड होतो आणि क्रिया थांबते. म्हणून भिंतीचे रक्षण करण्याइतकेच अग्नीचे रक्षण करणेही अगत्याचे आहे. पणतीभोवती हाताचा आडोसा धरावा, तसे हे कार्य आहे.

चुंबळीचा दृष्टान्त

विद्युत्भारित कण चुंबकीय क्षेत्रात सापडला की तो बलरेषेभोवती गिरक्या घेत तिच्या कडेकडेनेच पुढे सरकतो. रेषा सोडून सहसा आडवा जात नाही. चुंबकीय कोटाचे सारे तत्त्व या एका गुणात आहे. परंतु सरळ नळीभोवती चुंबक ठेवले, तर कण दोन्ही टोकांतून निसटून जातात. मग नळीची टोके एकमेकांस जोडून तिचे कडे का करू नये? मोटारीच्या चाकातील ट्यूबला टोक नसते, त्याचप्रमाणे अशा कड्यातील कणांस बाहेर पडण्यास टोकच उरत नाही.

हा उपाय सुचला खरा, पण त्याने नवा पेच निर्माण केला. कड्याच्या आतल्या बाजूस चुंबकांची वेटोळी दाटीने येतात, बाहेरच्या बाजूस ती विरळ होतात. त्यामुळे क्षेत्र आत प्रबळ आणि बाहेर दुर्बळ राहते. परिणामी धन कण एका अंगास, म्हणजे समजा वर, आणि ऋण कण खाली सरकू लागतात. त्यांच्या या ताटातुटीतून विद्युत्क्षेत्र उत्पन्न होते आणि ते सगळा प्लाझ्मा बाहेरच्या भिंतीवर ढकलून देते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते.

यावरील उपाय मराठी माणसास समजावून देण्यासाठी दूर जावयास नको. डोक्यावर पाण्याचा हंडा घेणारी स्त्री लुगड्याच्या वा पंचाच्या पटास पीळ देऊन त्याची चुंबळ करते. नुसते कापड गोल ठेवले तर ते सुटून जाते. पिळामुळे चुंबळ टिकते. शास्त्रज्ञांनीही बलरेषांना पीळ दिला. पिळलेली बलरेषा कड्याभोवती फिरता फिरता वरून खाली, खालून वर अशी जाते. तिच्या सोबतीने जाणारा कण वर असताना जेवढा सरकला, तेवढा खाली आल्यावर भरून निघतो आणि ताटातूट होत नाही.

पीळ देण्याच्या दोन रीती आहेत. अमेरिकेतील लायमन स्पिट्झर यांनी १९५१ साली बाहेरच्या वेटोळ्यांच्या रचनेतूनच पीळ साधण्याची कल्पना मांडली. त्या यंत्रास स्टेलरेटर म्हणतात. त्याच सुमारास सोव्हिएत संघात टाम व साखारोव या शास्त्रज्ञांनी प्लाझ्मामधूनच विद्युत्प्रवाह सोडून पीळ देण्याचा मार्ग सुचविला. त्या प्रकारच्या यंत्रास टोकामाक असे रशियन नाव पडले.

टोकामाकमधील हा प्रवाह उत्पन्न होतो तो गावच्या वेशीवर उभ्या असलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वानेच. कड्याच्या मधोमध एक वेटोळे असते. त्यातील प्रवाह बदलला की कड्यातील प्लाझ्मा हा जणू दुसरे वेटोळे होऊन त्यात प्रवाह वाहू लागतो. या प्रवाहामुळे पीळ मिळतो आणि प्लाझ्मा तापतोही. मात्र पहिल्या वेटोळ्यातील प्रवाह एकाच दिशेने अखंड वाढविता येत नाही. म्हणून अशा यंत्रातील प्लाझ्मा अल्पजीवी असतो. त्यास दीर्घायुष्य द्यावयाचे तर रेडिओलहरींसारख्या अन्य साधनांनी प्रवाह चालू ठेवावा लागतो.

दोन प्रसंग, दोन धडे

या संशोधनाच्या इतिहासातील दोन प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखे आहेत.

१९५८ साली ब्रिटनमध्ये झीटा नावाच्या कड्याकार यंत्रात संमीलन साधले, अशी घोषणा झाली. वृत्तपत्रांनी तिचा मोठा गाजावाजा केला. पुढे काही महिन्यांतच असे आढळले की, बाहेर पडलेले न्यूट्रॉन प्लाझ्मा तापल्यामुळे आलेले नव्हते. काही थोडे कण भलतीकडून वेग घेऊन आदळल्याने ते निर्माण झाले होते. शास्त्रज्ञांनी आपला दावा मागे घेतला.

दुसरा प्रसंग याच्या उलट आहे. १९६८ साली नोवोसिबिर्स्क येथील परिषदेत सोव्हिएत शास्त्रज्ञांनी आपल्या टी-३ या टोकामाकमध्ये सुमारे एक कोटी अंश तापमान गाठल्याचे सांगितले. पाश्चात्त्यांचा त्यावर विश्वास बसेना. त्या शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाने ब्रिटनच्या कलहॅम येथील शास्त्रज्ञांना मॉस्कोस बोलावून आपल्या यंत्रावर मोजणी करण्यास सांगितले. ब्रिटिश पथक लेसरची साधने घेऊन गेले, त्याने १९६९ साली तापमान मोजले आणि दावा खरा ठरला. तेव्हापासून देशोदेशी टोकामाक उभे राहिले.

पहिल्या प्रसंगात घोषणा आधी झाली व तपासणी नंतर. दुसऱ्यात प्रतिस्पर्ध्याच्या हाती मोजपट्टी देण्याचे धैर्य दाखविले गेले. शासनाच्या कोणत्याही योजनेच्या यशापयशाचा अहवाल लिहिणाऱ्याने हे दोन्ही प्रसंग लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

भारताचा ‘आदित्य’

भारतातील या विषयाचा उगम मुंबईच्याच एका सुपुत्राच्या वाणीत आढळतो. १९५५ साली जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी संयुक्त राष्ट्रसंघाची पहिली परिषद भरली. तिचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा होते. त्यांनी अध्यक्षीय भाषणात असे भाकीत केले की, येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळविण्याची युक्ती सापडेल. त्या वेळी हा विषय राष्ट्राराष्ट्रांनी गुप्त ठेवला होता. भाभांच्या उद्गारांनी तो जगापुढे आला. भाकीत मात्र खरे ठरले नाही. दोन दशकांच्या जागी सात दशके लोटली.

प्रत्यक्ष प्रयोगांचा संघटित आरंभ १९८२ साली अहमदाबाद येथील भौतिक संशोधन प्रयोगशाळेत झाला. डॉ. प्रेधिमान कृष्ण काव यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्लाझ्मा भौतिकीचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९८६ साली त्यातून गांधीनगरनजीक भाट या गावी स्वतंत्र प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली. तेथे भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः आराखडा करून बांधलेला पहिला टोकामाक १९८९ साली कार्यान्वित झाला. त्याचे नाव ‘आदित्य’.

‘आदित्य’ हे यंत्र आकाराने लहान आहे. त्याच्या कड्याची मध्यापासूनची त्रिज्या पाऊण मीटर. त्यातील प्लाझ्माचे तापमान लाखो अंशांच्या घरात जाते आणि प्रत्येक प्रयोग सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात संपतो. एवढ्याशा अवधीत काय पाहणार, असे कोणासही वाटेल. परंतु त्या अवधीत शेकडो मापने नोंदविली जातात आणि त्यांतूनच एक महत्त्वाचा शोध लागला.

चुंबकीय कोट बांधला तरी प्लाझ्मातील कण व उष्णता अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात बाहेर निसटतात, हे सर्वत्र आढळून आले होते. धरणाच्या भिंतीतून पाणी संथपणे पाझरावे तशी ही गळती असेल, असे मानले जाई. ‘आदित्य’वरील शास्त्रज्ञांनी प्लाझ्माच्या कडेला बारकाईने मोजणी केली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. ही गळती संथ नव्हती. शिजत्या भाताचे झाकण उसळून मधूनच फेस उतू जावा, त्याप्रमाणे ती थांबून थांबून, उमाळ्या-उमाळ्यांनी होत होती. हे निष्कर्ष १९९२ साली जगातील अग्रगण्य भौतिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शत्रू तटावर सर्वत्र सारखा चढत नाही, तो क्षणोक्षणी निरनिराळ्या जागी उसळतो, हे कळल्याशिवाय तटाचा बंदोबस्त तरी कसा करावयाचा?

दुसरा मोठा शत्रू म्हणजे प्लाझ्माचा आकस्मिक विध्वंस. सारे सुरळीत चालले असता अंतर्गत अस्थिरता वाढते आणि सेकंदाच्या काही सहस्रांशांत सगळा प्लाझ्मा कोसळतो. मोठ्या यंत्रात अशा वेळी भिंतीवर भयंकर उष्णता व यांत्रिक ताण येतो. संग्रामदुर्गाचा बुरूज उडावा, तसाच हा प्रकार. प्लाझ्माच्या कडेशी विद्युत्दाब दिलेला एक इलेक्ट्रोड ठेवून हा विध्वंस टाळता येतो, असे प्रयोग ‘आदित्य’वर झाले व २०१४ साली प्रसिद्ध झाले. पुढे या यंत्राचे नूतनीकरण होऊन २०१६ च्या अखेरीस ते नव्या रूपात पुन्हा सुरू झाले.

दरम्यान दीर्घकाळ प्लाझ्मा टिकविण्याच्या हेतूने त्याच संस्थेत एसएसटी-१ हा अतिवाहक चुंबकांचा टोकामाक बांधण्यात आला. त्यात २०१३ साली पहिला प्लाझ्मा निर्माण झाला. अतिवाहक तारेस विद्युत्प्रवाहाचा अडथळा नसतो. परंतु त्यासाठी तिला द्रव हीलियमने उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागते. एकाच यंत्रात कोट्यवधी अंशांची उष्णता आणि हाताच्या अंतरावर विश्वातील जवळजवळ परमावधीची थंडी, असा हा विलक्षण शेजार आहे.

जगाचे सामाईक यंत्र

लहान यंत्रांनी ज्ञान मिळते; परंतु घातलेल्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा मिळवावयाची तर यंत्र मोठेच हवे. मोठ्या भांड्यातील पाणी लहान भांड्यातील पाण्यापेक्षा उशिरा निवते, हा त्यामागील साधा न्याय आहे. ब्रिटनमधील जेट या युरोपीय टोकामाकमध्ये १९९७ साली सुमारे २४ मेगावॅट उष्णता देऊन १६ मेगावॅट संमीलनशक्ती मिळाली. म्हणजे रुपया घालून अकरा आणे हाती आले. त्याच यंत्रातून २०२३ साली, ते बंद होण्यापूर्वी, ६९ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. २०२५ च्या आरंभी चीनच्या ईस्ट यंत्राने १,०६६ सेकंद आणि फ्रान्सच्या वेस्ट यंत्राने १,३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून अधिक काळ, प्लाझ्मा टिकवून दाखविला. ‘आदित्य’च्या दशांश सेकंदाशी तुलना करता हा पल्ला किती मोठा आहे हे दिसून येते.

यापुढील पाऊल म्हणजे दक्षिण फ्रान्समध्ये उभारला जात असलेला आयटर प्रकल्प. ५० मेगावॅट उष्णता घालून ५०० मेगावॅट संमीलनशक्ती मिळविणे हे त्याचे उद्दिष्ट. भारत डिसेंबर २००५ मध्ये या प्रकल्पात सामील झाला आणि नोव्हेंबर २००६ मध्ये युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, जपान, चीन व दक्षिण कोरिया यांच्यासह त्याने करारावर सही केली. भारताचा वाटा सुमारे नऊ टक्के असून तो मुख्यत्वे तयार सामग्रीच्या रूपाने द्यावयाचा आहे. शिशिर देशपांडे यांच्यासारख्या मराठी शास्त्रज्ञांनी या कामाच्या भारतीय शाखेची धुरा वाहिली आहे.

भारताने दिलेल्या सामग्रीत सर्वांत डोळ्यांत भरणारी वस्तू म्हणजे यंत्राचे बाह्य निर्वात पात्र, क्रायोस्टॅट. सुमारे तीस मीटर उंच, तेवढेच रुंद आणि ३,८५० टन वजनाचे हे पोलादी पात्र मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने सुरतेजवळील हजिरा येथे भागाभागांनी घडविले. शेवटचे भाग २०२० साली रवाना झाले. एवढ्या प्रचंड पात्राच्या जोडांतून हवेचा अंशही आत शिरता कामा नये, यावरून वेल्डिंग करणाऱ्या कारागिराची परीक्षा किती कठीण होती याची कल्पना यावी.

वचन आणि वास्तव

आता जो प्रश्न पंचायतीच्या सभेत पहिल्याप्रथम विचारला जाईल, तो टाळता येणार नाही: या अग्नीवरची वीज गावात केव्हा येणार?

प्रामाणिक उत्तर असे की, आज जगात कोठेही संमीलनावर चालणारे वीज केंद्र नाही. आयटरचे वेळापत्रक अनेकदा लांबले. २०२४ साली जाहीर झालेल्या सुधारित कार्यक्रमानुसार तेथील संशोधनाचा आरंभ २०३४ मध्ये आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये व्हावयाचे आहेत. शिवाय आयटर स्वतः वीज पुरविणार नाही; ते प्रायोगिक यंत्रच आहे. वेगवान न्यूट्रॉनच्या माऱ्यापुढे वर्षानुवर्षे टिकणारा धातू, यंत्रातच पुरेसे ट्रिटियम निर्माण करण्याची सोय, हे प्रश्न अद्याप सुटावयाचे आहेत. न्यूट्रॉनमुळे यंत्राचे भाग किरणोत्सारी होतात, हेही लपवून ठेवण्याचे कारण नाही. त्याच वेळी हेही खरे की, येथे साखळी प्रक्रिया नाही. कड्यात एका वेळी अत्यल्प इंधन असते आणि कोटात बिघाड झाला की अग्नी आपोआप विझतो.

तेव्हा शाळेच्या छपरावर आज सौरपट्ट्या बसवावयाच्या की संमीलनाची वाट पाहावयाची, असा प्रश्नच उद्भवत नाही. आजचे काम आजच्या साधनांनी केले पाहिजे. मग एवढ्या दूरच्या गोष्टीवर सार्वजनिक पैसा का खर्च करावा? याचे एक उत्तर असे की, आंब्याची कोय लावणारा स्वतःच्या तोंडापुरता विचार करीत नाही. आज आपण या कामात नसलो, तर नातवंडांना हे ज्ञान परक्याकडून, त्याच्या अटींवर विकत घ्यावे लागेल. आयटरमधील नऊ टक्के वाट्याच्या मोबदल्यात तेथील सर्व ज्ञानावर भारताचा हक्क राहतो, ही गोष्ट या दृष्टीने मोलाची आहे.

दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. गांधीनगरच्या संस्थेने १९९७ साली औद्योगिक प्लाझ्मा तंत्रासाठी स्वतंत्र केंद्र काढले. गिअर व साचे यांचा पृष्ठभाग प्लाझ्माच्या साहाय्याने नायट्रोजन मुरवून कठीण करणे, यासारखी तंत्रे त्याने उद्योगांसाठी विकसित केली. मोटारीचे भाग घडविणाऱ्या चाकणसारख्या पट्ट्यास अशा तंत्राचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. निर्वात पात्रे, अचूक यंत्रण, निर्दोष जोडकाम, ही कौशल्ये ज्या मुलाच्या हाती आहेत, तो आज मोटारीचा भाग घडवील. उद्या त्याच हातांस चुंबकीय कोटाचा चिरा घडविण्याचे काम मिळू शकेल. त्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील कार्यशाळा आणि शाळेतील प्रयोगशाळा कुलूपबंद राहता कामा नयेत, ही जबाबदारी मात्र येथे बसलेल्या मंडळींचीच आहे.

शिक्षकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. कागदावर लोखंडाचा कीस पसरून खाली चुंबक धरावा, बलरेषा उमटतील. मग पंचाला पीळ देऊन त्याची चुंबळ करावी आणि विद्यार्थ्यांस सांगावे की, जगातील सर्वांत तप्त अग्नी माणसाने या रेषांच्या या पिळात धरून ठेवला आहे. अद्याप पुरता नव्हे, पण पूर्वीपेक्षा अधिक काळ. झीटाच्या फसलेल्या घोषणेची व भाभांच्या हुकलेल्या भाकिताचीही गोष्ट त्यांना सांगावी. मोठ्या माणसांचेही अंदाज चुकतात आणि चूक कबूल करूनच काम पुढे जाते, हे विद्यार्थ्यांस जितक्या लवकर कळेल तितके बरे.

संग्रामदुर्गाचा बुरूज ढासळला त्यास साडेतीन शतकांहून अधिक काळ लोटला. तरीही तो किल्ला किती दिवस झुंजला हेच लोक सांगतात. चुंबकाच्या कोटासही आजवर अनेक खिंडारे पडली आहेत. प्रत्येक खिंडाराची जागा मोजून, नोंदवून, बुजवून शास्त्रज्ञ पुन्हा तटावर उभे राहिले आहेत, आणि त्यांच्या ओळीत भारताचीही माणसे आहेत.